सोन्याचा कस कोणी ठरवायचा?

बोईसर स्टेशनावर उतरून समुद्राच्या बाजूला निघालात म्हणजे आधी कारखान्यांची वसाहत लागते. औषधे, रंग, रसायने, कापड, पोलाद असा मोठा पसारा इथे आहे. ती मागे टाकून पश्चिमेला गेलात की खाडी येते. खाडीच्या दक्षिणेला तारापूर, उत्तरेला चिंचणी. तारापूरचे नाव अणुवीज केंद्रामुळे सगळ्यांना ठाऊक झाले. चिंचणीचे नाव तसे फारसे कुणी घेत नाही, पण सराफ कट्ट्यावर ते ठाऊक असते. कारण चिंचणी, वरोर, वाणगाव, डहाणू या टापूत डाय कोरण्याचा धंदा चालतो आणि त्या डायवर दागिने उठतात.

डाय म्हणजे पोलादाचा ठसा. पोलादाच्या तुकड्यावर कारागीर छिन्नी, कानस आणि बारीक टोच्यांनी नक्षी खोदतो. पान, फूल, कुयरी, मण्याची पाकळी, जे काही दागिन्यावर उठून दिसायचे ते डायमध्ये उलटे आणि खोल असते. मग सोन्याचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाब द्यायचा. दोन अर्धुके जोडली की मणी तयार. सोन्याचे दागिने या ठशांवर बनतात, तसेच नकली दागिनेही बनतात. नक्षी तीच, घाट तोच, फरक फक्त धातूचा. अलीकडे संगणकावर चालणारी यंत्रेही डाय कोरू लागली आहेत, त्यामुळे हाताने कोरणाऱ्याच्या पोटावर पाय येतो आहे.

(जाता जाता एक सांगतो. याच चिंचणीला १९५५ च्या सुमारास राष्ट्रकूट काळातले ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ मधला, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे, आणि संजाण प्रांतावर राष्ट्रकूटांनी नेमलेल्या एका अरब अधिकाऱ्याचे नाव त्यात आहे. त्या ताम्रपटाचा आणि आजच्या डायचा संबंध जोडण्याचा मोह मी आवरतो. पण कोरलेल्या धातूवर विश्वास ठेवायची या गावाची सवय जुनी आहे एवढे म्हणायला हरकत नसावी.)

आता मुद्द्याकडे येऊ. ठसा चांगला की वाईट हे तुम्हांआम्हांला डोळ्यांनी दिसते. सोने चांगले की वाईट हे दिसत नाही. बावीस कॅरटचा मणी आणि एकोणीस कॅरटचा मणी शेजारी ठेवले तर आपल्यापैकी शंभरातल्या नव्वदांना फरक कळणार नाही. मग तो ठरवायचा कोणी? विकणाऱ्याने, विकत घेणाऱ्याने, की सरकारने? या एका प्रश्नावर आपल्या देशात गेली साठ वर्षे सरकार आणि सराफ यांच्यात कधी भांडण झाले, कधी बोलणी झाली, कधी कोर्टकचेरी झाली. त्याची ही हकिगत आहे.

प्रश्न मात्र साठ वर्षांहून फार जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्यावर देखरेख करणारा सुवर्णाध्यक्ष आहे, कसोटीच्या दगडाची परीक्षा आहे, आणि सोनार कोणकोणत्या युक्तीने सोने चोरू शकतो याची चांगली लांबलचक यादीही आहे. म्हणजे तेव्हाही राजाला सोनाराचा भरवसा नव्हता. इंग्लंडात १३०० साली राजा पहिला एडवर्ड याने कायदा केला की तपासून, बिबट्याच्या तोंडाची खूण मारल्याशिवाय माल विकायचा नाही. पुढे ही तपासणी लंडनच्या सोनारांच्या पंचायतीच्या वास्तूत, म्हणजे ‘हॉल’मध्ये होऊ लागली, म्हणून त्या खुणेला हॉलमार्क म्हणू लागले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे कायदा राजाचा होता, पण तपासणी धंद्यातल्या माणसांच्या पंचायतीकडे होती.

आपल्याकडे खेड्यापाड्यात काय होते? कसोटीचा काळा दगड होता आणि सोनाराची नजर होती. दगडावर डाग घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, वर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि रंग ताडून पाहायचा. सोनार पिढीजात असे, गिऱ्हाईकही पिढीजात असे. आजोबांनी घडवलेल्या पाटल्या नातवाकडे मोडीला यायच्या. त्यामुळे लबाडी झाली तरी ती एका मर्यादेत राही. मर्यादेत म्हणजे किती, हे मात्र सोनारच जाणे!

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझ्या आत्याने मुलीच्या शिक्षणासाठी गळ्यातली मण्यांची माळ मोडायला काढली. घेताना बावीस कॅरट म्हणून घेतलेली. दुकानदाराने आटवून पाहिली आणि म्हणाला, “ताई, एकवीसही भरत नाही.” आत्या घरी येऊन रडली. तिला वाटले, तीस वर्षे आपण फसवणूक गळ्यात घालून फिरलो. आम्ही सगळ्यांनी त्या जुन्या सोनाराला यथेच्छ शिव्या दिल्या. पुढे मला उमगले की त्याची लबाडी नसेलही. ते कसे, ते शिक्षकांनी वर्गात गणित म्हणून घालण्यासारखे आहे.

शुद्ध सोने २४ कॅरट. २२ कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. हजारात मोजले तर ९१६. दागिन्यावर ९१६ का लिहितात ते मुलांना भागाकार करून पाहू द्या. आता समजा २० ग्रॅमची माळ आहे. तिच्यात ठशावर उठवलेला पत्रा १८ ग्रॅम, तो अस्सल ९१६ चा. पण अर्धुके एकमेकांना जोडायला डाख लावावा लागतो, म्हणजे लवकर वितळणारी मिश्र धातूची झाळ. तो डाख धरा २ ग्रॅम, आणि त्यात सोने निम्मेच. पत्र्यातले सोने १६.४८८ ग्रॅम, डाखातले १ ग्रॅम, मिळून १७.४८८. त्याला २० ने भागा. हजारी ८७४ येते, म्हणजे जेमतेम एकवीस कॅरट. पत्रा बावीसचा आणि माळ एकवीसची! सोनार म्हणतो, मी बावीसचेच सोने वापरले, आणि ते खरे असते. गिऱ्हाईक म्हणते, मला एकवीसच मिळाले, आणि तेही खरे असते. जितके सांधे जास्त तितका डाख जास्त. घडीव, भरीव गोठापेक्षा ठशाच्या पोकळ मण्यात हा घोळ अधिक. प्रमाण ठरवायचे ते पत्र्याचे की आटवलेल्या पूर्ण डागाचे, हा वादाचा खरा गाभा आहे, आणि तो आपल्या डायच्या मुलखाशी असा थेट जोडलेला आहे.

आता १९६२ सालाकडे चला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी युद्ध झाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. बायाबापड्यांनी अंगावरचे डाग उतरवून संरक्षण निधीला दिले. परकीय चलनाची ओढाताण होती, आणि देशातला सोन्याचा भाव बाहेरच्या भावापेक्षा चढा असल्याने चोरटी आयात जोरात होती. कोकणच्या किनाऱ्यावर दहा तोळ्यांच्या बिस्किटांच्या गोष्टी म्हातारी माणसे अजून सांगतात. तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी १० जानेवारी १९६३ पासून सुवर्ण नियंत्रण लागू केले. त्यातले सगळ्यांत जालीम कलम असे की, १४ कॅरटहून अधिक कसाचा नवा दागिना घडवायचाच नाही.

हेतू सरळ होता. चौदा कॅरटचे डाग कमी सोन्यात होतील, लोकांचा सोन्यावरचा जीव उडेल, चोरटी आयात थंडावेल. कागदावर पाहिले तर यात चूक काढता येत नाही. चूक अशी झाली की ज्याच्या हातात हातोडी आहे त्याला कोणी विचारलेच नाही. त्याला विचारले असते तर त्याने सांगितले असते की चौदा कॅरटमध्ये चोवीसातले दहा भाग तांबे-चांदी. ते सोने ताठ होते. बावीसच्या मऊ सोन्यावर चालणारी हत्यारे आणि डाख त्याला तसेच चालत नाहीत. रंग तांबूस येतो, काळपट पडतो. आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक ते घेणार नाही. कारण आपल्या बायकांना दागिना केवळ मिरवायला नको असतो. तो अडीनडीला मोडायचा असतो. खेड्यातल्या बाईची बँक तिच्या गळ्यात असते. तिला चौदा कॅरट घे म्हणणे म्हणजे तिच्या पासबुकातली निम्मी रक्कम खोडण्यासारखे होते.

झाले तसेच. गिऱ्हाईक थांबले, भट्ट्या विझल्या. गावोगावचे सोनार बेकार झाले. मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि संसदेत त्यावर वादळ उठले. सरकारने सोनारांना दुसऱ्या कामधंद्याला लावण्याच्या योजना काढल्या. पण पन्नाशीच्या कारागिराच्या हातातली फुंकणी काढून घेऊन त्याला दुसरे काय देणार? योगायोग पाहा. त्याच वर्षी, १९६३ च्या ८ ऑगस्टला, तारापूरच्या अणुवीज केंद्रासाठी भारत-अमेरिका करार झाला. एका हाताने सरकार तारापूरला नवी भट्टी देत होते आणि दुसऱ्या हाताने सोनाराची जुनी विझवत होते. दोन्हींच्या मागे परकीय चलनाचाच हिशेब होता.

पुढे मोरारजीभाई कामराज योजनेखाली मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. १९६३ च्या सप्टेंबरात सोनारांना थोडी सवड मिळाली. गिऱ्हाइकाने स्वतःचा जुना दागिना आणून दिला तर तो मूळ कसातच नवा घडवून द्यायची मुभा झाली. चौदा कॅरटचे बंधन अखेर १९६६ साली उठले. चार वर्षांच्या आत सरकारला एका मापापुढे माघार घ्यावी लागली.

पण नियंत्रण गेले नाही, त्याने रूप बदलले. १९६८ साली सुवर्ण नियंत्रण कायदा आला. आता कसावर बंधन नव्हते, माणसावर होते. सराफाला परवाना, सोनाराला प्रमाणपत्र, प्रत्येक गुंजेची वही. प्रमाणपत्रवाल्या सोनाराने ठरल्या मर्यादेहून जास्त सोने जवळ ठेवायचे नाही. साध्या नागरिकाने सोन्याची लगड किंवा बिस्कीट बाळगायचे नाही. कुटुंबात ४००० ग्रॅमहून अधिक दागिने असतील तर सरकारला कळवायचे (हा आकडा वाचून बऱ्याच वाचकांना हसू येईल हे मी जाणतो). सराफ सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६९ साली हरकचंद बांठिया खटल्यात न्यायालयाने कायदा एकूणात राखला, पण त्यातली काही कलमे सराफांवर अवाजवी जाच करणारी म्हणून रद्द केली. सराफ आणि सरकार यांची जी काही बोलणी झाली ती अशी न्यायाधीशांच्या तोंडून झाली.

या सगळ्या कायद्यात एक गोष्ट मात्र शोधून सापडत नाही. विकत घेणारीचे सोने शुद्ध आहे का, हे कोणी बघायचे? सोने किती, कुठे, कोणाकडे, याची चौकशी सरकारने बावीस वर्षे केली. सोने कसे आहे याची केली नाही. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यांत नवलाची गोष्ट हीच. वह्या तपासणारे निरीक्षक होते, आणि माझ्या आत्याची माळ तपासणारे कोणी नव्हते.

१९९० साली हा कायदा रद्द झाला. तेव्हा केंद्रात अर्थमंत्री होते कोकणातल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते. सराफांनी सुटकेचा श्वास टाकला. बाजार मोकळा झाला, नव्या पेढ्या निघाल्या, पिढीजात सोनाराची आणि गिऱ्हाइकाची गाठ सुटली. बोईसरसारख्या ठिकाणी तर ती कधी बांधलीच गेली नव्हती. कारखान्यांत कामाला आलेला माणूस उत्तर प्रदेशातला, ओरिसातला, खानदेशातला. त्याला इथला सोनार ओळखत नाही आणि तो सोनाराला ओळखत नाही. अशा बाजारात शब्दावर काय चालणार? याच काळात पाट्या झळकू लागल्या: ‘९१६ केडीएम’. गिऱ्हाइकाला वाटे, हा सरकारी शिक्का आहे. तो शिक्का नव्हताच. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख. वर गणितात आपण पाहिले की डाखातले सोने निम्मे असले तर सगळ्या डागाचा कस उतरतो. कॅडमियम थोडेसे मिसळले तरी डाख लवकर वितळतो, म्हणून डाखातही सोने भरपूर, शेकडा ब्याण्णव भागांपर्यंत, ठेवता येते. कस टिकतो, हे खरे. पण कॅडमियम ७६७ अंशाला उकळते, सोने १०६४ अंशाला वितळते. म्हणजे डाख लावताना कॅडमियमचा धूर निघणारच. तो धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक. गिऱ्हाइकाचा कस राखायचा तो कारागिराच्या छातीच्या किंमतीवर, असा तो सौदा होता. पुढे जस्तासारख्या धातूंच्या मिश्रणांनी त्याची जागा घेतली.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, भारतीय मानक संस्था निघाली होती. तिचीच पुढे १९८७ साली भारतीय मानक ब्युरो झाली. या ब्युरोने एप्रिल २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क सुरू केला. या वेळी सुरुवात निराळी होती. हुकूम नव्हता, निमंत्रण होते. ज्या सराफाला हवे त्याने नोंदणी करावी, माल तपासणी केंद्राकडे पाठवावा, शिक्का घ्यावा. तपासणी केंद्रे खासगी, त्यांच्यावर देखरेख ब्युरोची. आणि वादाचा गाभा होता तोही सुटला. नमुना घेऊन डागाचा खरा कस पाहायचा, डाखाची सबब चालायची नाही.

ही तपासणी कशी होते ते ऐकण्यासारखे आहे. डागातून चिमूटभर सोने काढून तोलतात. त्यात चांदी मिसळतात, शिशात गुंडाळतात आणि सच्छिद्र वाटीत ठेवून भट्टीत घालतात. शिसे वितळून तांब्यासारख्या हीण धातूंना सोबत घेऊन वाटीत मुरते. मागे राहतो सोन्या-चांदीचा मणी. तो ठोकून पातळ करायचा आणि तेजाबात उकळायचा. चांदी विरघळून जाते, सोने राहते. पुन्हा तोलायचे. आधीचे वजन आणि आताचे वजन, झाला हिशेब. तेजाब आणि अग्नी दोन्ही जुनीच, आपल्या सोनाराच्या ओळखीची. नवा आहे तो काटा, आणि काट्यापाशी बसलेला माणूस विकणाराही नाही आणि घेणाराही नाही, हे.

वीस वर्षे ही योजना खुशीची राहिली. मोठ्या शहरांतल्या पेढ्या आल्या, लहान गावे बाहेर राहिली. मग १५ जानेवारी २०२० ला केंद्राने आदेश काढला की वर्षभरात हॉलमार्क सक्तीचा. करोनाची साथ आली, मुदत वाढून १ जून २०२१ झाली. सराफांची संघटना, अखिल भारतीय जेम अँड ज्वेलरी डोमेस्टिक कौन्सिल, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेली. त्यांचे म्हणणे हॉलमार्क नको असे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, देशातल्या निम्म्याहून अधिक जिल्ह्यांत तपासणी केंद्रच नाही, तर माल तपासून आणायचा कोठून? आणि नियम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाखाचा दंड! ७ मे २०२१ ला खंडपीठाने तूर्त दंडाची कारवाई करू नका असे सरकारला सांगितले.

इथे १९६३ ची आठवण होते. तेव्हा सोनार रस्त्यावर आला तरी सरकारला ऐकू यायला आठ महिने लागले. या वेळी महिन्याभरात दोन्ही पक्ष टेबलाशी आले. १५ जूनला मंत्री पीयूष गोयल यांच्यापुढे बैठक झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सक्ती सुरू झाली, पण कापून-बेतून. ज्या जिल्ह्यांत निदान एक तपासणी केंद्र आहे अशा २५६ जिल्ह्यांतच ती लागू झाली. ऑगस्टअखेरपर्यंत दंड नाही. आधी फक्त १४, १८ आणि २२ कॅरट मान्य होते, त्यात २०, २३ आणि २४ ची भर पडली. कुंदन, पोलकी, जडाव यांना सूट. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफाला सूट. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या डागालाही सूट.

तरी सगळे सुरळीत झाले असे नाही. १ जुलै २०२१ पासून प्रत्येक डागाला स्वतंत्र सहा अंकाक्षरी क्रमांक आला. पूर्वी दागिन्यावर चार-पाच खुणा असत, ब्युरोचे चिन्ह, कस, केंद्राची खूण, सराफाची खूण. आता तीनच: ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, कॅरट व हजारी, आणि हा क्रमांक. सराफ म्हणाले, हे कारकुनी काम आहे, माल केंद्रात दिवसेंदिवस अडकतो, बांगडी सैल-घट्ट केली तर क्रमांकाचे काय? २३ ऑगस्टला त्यांनी एक दिवस दुकाने बंद ठेवली. सरकार क्रमांकावर ठाम राहिले, पण मुदती वाढवत गेले. १ एप्रिल २०२३ पासून क्रमांकाशिवाय विक्री बंद झाली, आणि ज्यांनी जुना माल आधी जाहीर केला होता त्यांना ३० जूनपर्यंत सवलत मिळाली.

दोन्ही बाजूंनी थोडे सोडले, थोडे राखले. मला यात सराफाची तक्रार बरीचशी रास्त वाटते आणि सरकारचा आग्रहही रास्त वाटतो. मला खटकते ते निराळेच. त्या सवलतींकडे पुन्हा एकदा नजर टाका. दोन ग्रॅमपेक्षा हलका डाग कोण घेते? वसाहतीत कंत्राटी कामाला जाणारी बाई. पहिल्या बोनसातून ती चमकी घेते, मंगळसूत्राच्या दोन वाट्या घेते, बाळाच्या कानातले घेते. आणि कुठून घेते? ४० लाखांच्या आतल्या लहान दुकानातून. लहान सराफाला वाचवण्यासाठी सूट दिली हे बरोबरच झाले, पण त्या सुटीच्या सावलीत नेमके गरीब गिऱ्हाईक राहिले. पाच तोळ्यांचा हार घेणारीला शिक्का मिळाला, एक ग्रॅमची चमकी घेणारीला पुन्हा सोनाराचा शब्द. टेबलाशी सराफांची संघटना होती, ब्युरो होता, मंत्री होते. चमकीवाली नव्हती.

एक मात्र आहे. भाव वाढतो तशी ही सूट आपोआप आक्रसते. जून २०२१ मध्ये दहा ग्रॅमचा भाव ४८ हजारांच्या आसपास होता. ४० लाखांत वर्षाला साधारण ८३ तोळे सोने विकले जाई. (हल्ली दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा माशांचा.) २०२५ साली भाव लाखावर गेला, तेव्हा त्याच ४० लाखांत ४० तोळेही बसेनात. लहान दुकानदार काही न करता मोठा ठरू लागला.

तोवर तुम्ही काय कराल? पक्की पावती मागा. तिच्यावर डागाचे वर्णन, निव्वळ वजन, कॅरट आणि हजारी लिहून घ्या. घडणावळ वेगळी दाखवायला सांगा. हॉलमार्क असेल तर सहा अंकाक्षरे ब्युरोच्या मोबाइल ॲपवर घालून पाहा, नोंद जुळते का ते कळते. शाळेतली नववी-दहावीची मुले हे काम हौसेने करतील. हॉलमार्कच्या डागाचा कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. हॉलमार्क नसलेला आपला जुना डागही केंद्रात नेऊन तपासता येतो. २०२३ साली जाहीर झालेला दर चार डागांपर्यंत २०० रुपये होता.

आणि चिंचणीचा डायवाला? या साऱ्या नोंदीत तो कोठे आहे? कोठेच नाही. क्रमांक टाकला की सराफाचे नाव निघते, केंद्राचे नाव निघते. ज्याने कुयरीची पाकळी कोरली त्याचा रकाना नाही. पण त्याच्या कामापर्यंत या बोलण्यांचा परिणाम पोहोचल्याशिवाय राहत नाही. २०२५ च्या जुलैत हॉलमार्कच्या यादीत ९ कॅरटही आले. हजारी ३७५, म्हणजे शेकडा साडेसदतीस भाग सोने. १९६३ साली चौदा कॅरटसाठी सरकारने धाक घातला आणि लोकांनी ते नाकारले. आता कोणी धाक घातला नाही, भावानेच गिऱ्हाइकाला चौदाच्याही खाली आणून ठेवले. आणि नऊ कॅरटचे सोने बावीसपेक्षा पुष्कळ ताठ. मऊ पत्र्यासाठी कोरलेल्या ठशावर ते उठवायला दाब निराळा लागतो, बारीक रेघ नीट उमटली नाही तर डाय पुन्हा खोल करावी लागते. तेव्हा चौदा कॅरटबद्दल सोनार जे सांगू पाहत होता, ते नऊ कॅरटबद्दल आज खाडीकाठचा कारागीर सांगू शकेल. पोलादाचा तुकडा पकडीत धरून तो बसलेला आहे. जाऊन विचारायला बोईसरहून तासभरही लागत नाही.